वेल्डनच्या पिकअपची गरम हवा

ट्वायला स्टबलफील्डने नाश्ता आटोपून वडिलांच्या पिकअपचं बॉनेट उघडलं, ते गाडीच्या एसीत गॅसची एक छोटी बाटली सोडण्यासाठी. हे काम कोणीही करू शकतं, असं बाटलीवर छापलेलं होतं. 'कोणीही' या शब्दात आपण बसतो याबद्दल तिला शंका नव्हती. डॅलसच्या मोठ्या ग्रंथालयात ती संदर्भ विभागाची प्रमुख होती. लोकांना न सापडणाऱ्या गोष्टी शोधून देणं हाच तिचा धंदा. जेवायच्या आत हवा गार होईल, संध्याकाळी सामान भरू आणि उद्या उन्हाच्या आधी आईला घेऊन निघू, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

एक गोष्ट ती शहरात राहून विसरली होती. पश्चिम टेक्सासातल्या हॅलोवे गावात बॉनेट उघडणं हे खासगी काम नसतं. ती दवंडी असते.

आईला डॅलसला न्यायचं ठरलं होतं. म्हणजे ट्वायलाचं ठरलं होतं. वडील, वेल्डन, मार्चमध्ये गेले. आता ऑगस्ट होता, आणि आई, ओलेटा, त्या घरात एकटी, टोमॅटोंशी बोलत बसलेली. ट्वायलाने आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरातली एक खोली तिच्यासाठी रंगवून घेतली होती. ओलेटाने नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"येईन की," ती म्हणाली होती. "पण येईन ती वेल्डनच्या गाडीतून. आणि तिच्यातून तर नुसत्या वाफा येतात. इतक्या लांब त्या भट्टीत बसायला मी काही सणाला भाजायची टर्की नाही. आधी हवा गार कर, मग निघू."

अट रास्त होती. ट्वायलाने बाह्या सरसावल्या.

बॉनेट उघडून तिने आत नजर टाकली न टाकली, तोच समोरच्या घराचं जाळीचं दार आपटलं आणि डब हॅचर हातातल्या कॉफीच्या कपासकट रस्ता ओलांडून आला. डबने उभी हयात तेलविहिरींचे पंप दुरुस्त केले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्याला दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. काय झालं, असं त्याने विचारलं नाही. तो इंजिनकडे बघत उभा राहिला. गावची रीतच तशी. मयताच्या घरी गेल्यावर माणसं आधी थोडा वेळ गप्प बसतात, तसं बॉनेटपाशी आधी थोडा वेळ नुसतं बघायचं.

"गरम?" शेवटी तो म्हणाला.

"गरम," ट्वायला म्हणाली.

"हं."

त्याने कप बॅटरीवर ठेवला. तो कप तिथून महिनाअखेरपर्यंत हलला नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

मग टायरच्या दुकानाकडे निघालेला चुई बारिएन्तोस थांबला. दुकान उघडायची वेळ झाली होती, पण गिऱ्हाइकाला चुई कुठे सापडेल हे कळायला अडचण नव्हती, कारण उघडं बॉनेट रस्त्यावरून दिसत होतं. पाठोपाठ बाप्टिस्ट चर्चचे पाद्री ब्रदर केन्ड्रिक आपली गाडी हळू करत आले, आणि मग ती बंद करून उतरलेच.

"कॉम्प्रेसर गेलाय," डबने निदान केलं.

"गळती आहे," चुई म्हणाला.

"जाळीत टोळ अडकले असतील," ब्रदर केन्ड्रिक म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत पसाभर निघाले."

"तुमच्या गाडीत निघणारच, ब्रदर. तुमच्यामागे बायबलातल्या ईजिप्तच्या सगळ्या पीडा लागल्यात," चुई म्हणाला.

"वेल्डन असता तर पाच मिनिटांत केलं असतं," डब म्हणाला.

"वेल्डन असता तर त्याने तुला हातसुद्धा लावू दिला नसता," चुई म्हणाला.

यावर सगळे हसले, मग पुन्हा इंजिनकडे बघू लागले. ट्वायलाने गॅसची बाटली पुढे केली. डबने ती तिच्या हातून काढून घेतली आणि तिच्या जागी टॉर्च दिला.

"तू उजेड दाखव, पोरी."

पोरीने पन्नाशी ओलांडली होती. विद्यापीठातले प्राध्यापक तिला भेटण्याची वेळ मागून घेत. ती उजेड दाखवू लागली.

आता बाटलीला एक छोटं मीटर असतं, त्यावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे असतात. काटा हिरव्यात गेला की थांबायचं. काटा हिरव्यात गेला. हवा गरमच होती. काटा पिवळ्यात गेला. ट्वायलाने घसा खाकरला.

"मिस्टर डब, बाटलीवर लिहिलंय की—"

"मीटरं खोटं बोलतात," डब म्हणाला. "हाताला काय लागतं ते खरं."

काटा तांबड्यात गेल्यावर गाडीच्या पोटातून वाघ शिंकावा तसा आवाज झाला आणि पांढऱ्या धुराचा एक लोट उसळला. चुई वयाच्या मानाने फारच लांब उडाला. ब्रदर केन्ड्रिक ओलेटाच्या गुलाबांत जाऊन बसले. धूर निवळला तेव्हा ओलेटा हातात थंड चहाचा मोठा जग घेऊन दारात उभी होती.

"गुलाबांना काटे आहेत, ब्रदर," ती म्हणाली. "इकडे खुर्चीवर बसा."

आणि तिने मागच्या शेडमधून घडीच्या खुर्च्या आणल्या. चार. त्या कुठे ठेवल्यात हे तिला इतकं पटकन कसं आठवलं, याचं ट्वायलाला तेव्हा नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चुईने गळती शोधायचा रंग आणला. हा रंग गॅसबरोबर आत सोडतात. जिथून गळतं तिथून तो बाहेर येतो, आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवाकंच चमकतो. एरवी तो डोळ्यांना दिसत नाही. कल्पना उत्तम होती. फक्त नळीचं तोंड घट्ट बसायच्या आत डबने "हाण" म्हटलं. कोणाला काही दिसलं नाही, तेव्हा कोणाच्या अंगावर काही उडालं नाही असं सर्वानुमते ठरलं. दिवा लावून पाहिलं तर अख्खं इंजिन हिरवं. म्हणजे गळती सगळीकडूनच होती, किंवा कुठूनच नव्हती.

ही गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्या आठवड्यात चर्चमध्ये मुलांचं उन्हाळी शिबिर होतं. शेवटच्या दिवशी ब्रदर केन्ड्रिक अंधारात जांभळ्या दिव्याखाली बाहुल्यांचा खेळ करत. काळे कपडे घालून स्वतः अदृश्य व्हायचं, आणि बाहुल्या तेवढ्या चमकायच्या. बायबलातला योना माशाच्या पोटात शिरतो तो प्रवेश चालू असताना अंधारातून एक हिरवं कपाळ आणि एक हिरवा कान तरंगत आले. पुढच्या रांगेतली पोरं किंचाळत बाहेर पळाली. मासा बघून आजवर कोणी पळालं नव्हतं. ब्रदर केन्ड्रिकनी ते कपाळ तीन साबणांनी धुतलं. त्यांच्या पत्नीने त्यानंतर त्यांना बॉनेटच्या जवळ जायला बंदी केली. मग ते खुर्ची थोडी मागे घेऊन बसू लागले.

कारण एव्हाना बसणं सुरू झालं होतं. संध्याकाळ झाली की पेकानच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या जात. आधी बॉनेटपाशी थोडी चर्चा व्हायची, मग 'इंजिन निवू दे' म्हणून मंडळी टेबलाकडे सरकायची आणि वेल्डनची डॉमिनोची पेटी उघडायची.

त्या पेटीत दोन्ही अर्ध्यांवर पाच-पाच ठिपके असलेली एक सोंगटी कमी होती. दुहेरी पाच. बरीच वर्षं झाली ती हरवून. तिच्या जागी वेल्डननी रंग ढवळायच्या काडीचा तुकडा कापून त्यावर बॉलपेनने दहा ठिपके काढले होते. हा तुकडा उताणा असो की पालथा, लांबूनही ओळखू यायचा. त्यामुळे दुहेरी पाच कोणाकडे आहे हे सगळ्या टेबलाला माहीत असायचं, आणि तरीही तो ज्याच्या वाट्याला येई तो चेहरा निर्विकार ठेवून बसायचा. मूळ सोंगटी डबने ढापली, असं वेल्डन मरेपर्यंत म्हणत होते.

"त्या दिवशी सोंगट्या मी आवरल्या, एवढाच माझा गुन्हा," डब अजूनही म्हणायचा.

"चोरही घर आवरूनच जातो," चुई म्हणायचा.

आणि ओलेटा हसायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्वायलाला ते हसू ऐकू यायचं. तिच्यासमोर ओट्यावर कॅसरोलच्या भांड्यांची चळत असायची. वेल्डन गेल्यावर सुरुवातीला गावातून इतकी कॅसरोलं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली आयती जेवणं, आली होती की फ्रीजचं दार लागेना. चिकनची, बटाट्याची, कशाची ते ओळखू न येणारी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर घरमालकिणीचं नाव. मग एक दिवस बेल वाजायची थांबली. भांडी धुऊन पुसून तशीच होती.

"मम्मा, निघायच्या आधी ही परत करून टाकू या," ट्वायला म्हणायची.

"येतील की न्यायला," आई म्हणायची.

गळती सापडत नाही म्हटल्यावर डबच्या मताला जोर आला: कॉम्प्रेसर. वेल्डननी मागे कधीतरी नवा बसवला होता आणि त्याला आजीवन हमी होती. ट्वायला काउंटीच्या मुख्य गावी सुट्या भागांच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या बाईची नखं इतकी लांब होती की ती संगणकाच्या कळा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबत होती.

"हमी वेल्डन स्टबलफील्डच्या नावावर आहे, हनी. ते कुठायत?"

"ते वारले."

"अगं बाई. फार वाईट झालं." तिने मनापासून मान हलवली आणि पडद्याकडे पाहिलं. "पण मग त्यांना स्वतःला यावं लागेल."

ट्वायलाने आयुष्यात पुष्कळ चमत्कारिक प्रश्नांची शांतपणे उत्तरं दिली होती. तिने चष्मा पुसला.

"आजीवन हमी म्हणजे नक्की कोणाचं जीवन?"

"गाडीचं, हनी. माणसाची हमी आम्ही देत नाही." बाई थोडी विचारात पडली. "असं करू. त्यांच्या फोनवर एक आकडा पाठवते. तेवढा मला सांगितलात की झालं."

वेल्डनचा फोन पलंगाशेजारच्या टेबलावर असायचा. तो कोणी बंद केला नव्हता, आणि का केला नाही हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. ट्वायलाने घरी फोन लावला. आईने आकडा वाचून दाखवला, सावकाश, एकेक.

"त्याचा फोन वाजला गं," मग ती म्हणाली. "मी बाहेर होते. धावत आले."

"दुकानाचा निरोप होता, मम्मा. नवा कॉम्प्रेसर देतायत."

"फुकट?"

"फुकट."

"बरं झालं," आई म्हणाली. "त्याला फार आनंद झाला असता."

ट्वायला काउंटरपाशी उभी राहून वायपरच्या रबरांचं प्रदर्शन बघत राहिली. तिला वायपर नको होते.

कॉम्प्रेसर बसवायला पूर्ण समिती हजर होती. समितीने काम केलं की जे होतं तेच झालं: सगळं बसलं आणि एक बोल्ट उरला.

"कंपनी एखादा जास्तीचा देते," डब म्हणाला आणि त्याने तो कॉफीच्या कपात टाकला.

गाडी सुरू केल्यावर पट्टा असा किंचाळला की गल्लीतल्या कुत्र्यांनी सूर धरला. इंजिनमधली नळी हाताला बर्फासारखी लागत होती, तिच्यावर दंव साचून थेंब टपकत होते. आणि आत डॅशबोर्डच्या जाळीतून हवा येत होती ती मात्र पाव भाजता यावा अशी.

आता ट्वायलाने वाहनाची मूळ माहितीपुस्तिका ग्रंथालयातून मागवून घेतली होती आणि ती रात्री वाचून काढली होती. तिने टॉर्च बगलेत धरला आणि पान उघडलं.

"यात लिहिलंय, नळी गार असून हवा गरम असेल, तर दोष इंजिनमध्ये नाही. गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली, गार आणि गरम हवेच्या मधे एक झडप असते. ती—"

"ज्याने पुस्तक लिहिलं त्याने ही गाडी बघितलीय का?" डबने विचारलं.

"नसावी."

"मग? उजेड जरा डावीकडे."

हा अडाणीपणा नव्हता. त्यामागे एक व्यवस्था होती, आणि ती ट्वायलाला हळूहळू समजत होती. डॅशबोर्डखाली एका वेळी एकाच माणसाचं डोकं मावतं. बॉनेटखाली सहा जणांची मावतात, शिवाय कपांना जागा राहते. तेव्हा बिघाड असायचा तर तो बॉनेटखालीच असणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते उगाच नाही. सोमेश्वरी बसायला खुर्च्या होत्या.

त्या संध्याकाळी ओलेटाने पीचचा गोड पदार्थ भाजला आणि आइस्क्रीम घालून वाढला. ट्वायलाने ग्रंथालयाला फोन करून रजा वाढवून घेतली. आवाजात कडकपणा आणून ती आईला म्हणाली, "रविवार शेवटचा. सोमवारी हवा गार असली तर ठीक, नाहीतर आपण माझ्या गाडीतून जातोय. ही गाडी मी विकून टाकते."

आईने चमच्यातलं आइस्क्रीम वितळू दिलं.

रविवारी सगळं गाव चर्चला गेलं. ट्वायला डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली, आणि गल्ली सामसूम झाल्यावर पुस्तिका घेऊन पिकअपमध्ये शिरली. तापमानाची कळ तिने गारच्या टोकाला ढकलली. ती टोकापर्यंत गेली नाही. थोडं अंतर राहिलं आणि सोडल्यावर किंचित मागे आली, जणू पलीकडून कोणीतरी हळूच बोट लावून धरलं होतं. ट्वायला आईच्या बाजूच्या आसनापुढे, पाय ठेवायच्या जागेत, पाठीवर आडवी झाली. कोणी पाहिलं असतं तर संदर्भ विभागाच्या इभ्रतीचं कठीण होतं. यावेळी उजेड तिने स्वतःलाच दाखवला.

वर झडप हलवणारी एक लहानशी तरफ होती, आणि तरफेच्या आणि झडपेच्या खोक्याच्या मधे काहीतरी पांढरं बसवलेलं होतं. चपखल. कड थोडी कानशीने घासून, टोचू नये अशी गोल केलेली. तिने दोन बोटांनी ते ओढून काढलं.

दुहेरी पाच.

झडप खट्कन मिटली. ट्वायलाने वडिलांच्या जागी बसून गाडी सुरू केली, आणि जाळीतून अशी गार हवा आली की डोळ्यांत पाणी यावं. आलंही. ती तशीच बसून राहिली, तळहातावर सोंगटी धरून. वेल्डनच्या बाजूचा आरसा अजून त्यांच्या उंचीला लावलेला होता, तिला त्यात नुसतं आभाळ दिसत होतं.

पलीकडचं दार उघडलं. ओलेटा चर्चच्या कपड्यांत, पर्स सांभाळत आसनावर चढून बसली. तिने आधी जाळीकडे पाहिलं, मग सोंगटीकडे.

"सापडली वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"मला थंडी वाजते ना. आणि त्याला गाडीत डिसेंबर हवा असायचा. त्या कळीवरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं कशावरून नाही. मग एकदा हवा आपोआप बरी यायला लागली. मला वाटलं, गाडीही म्हातारी झाली आमच्याबरोबर." ती पर्सच्या कडीशी चाळा करत होती. "नंतर लक्षात आलं. मी बसणार असले की तो आधी येऊन इथे वाकायचा. बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचा. त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"त्याला वाटायचं मला कळत नाही. कित्ती खूश असायचा. ते कशाला मोडायचं?"

बाहेर पेकानची पानं हलत नव्हती. ट्वायलाने विचारलं, "शेवटी कुठे गेला होतात तुम्ही?"

"टोमॅटोची रोपं आणायला. गार वारा होता. घरी आल्यावर त्याने रोपं उतरवली आणि म्हणाला, जरा पडतो." ओलेटाने जाळी हाताने दुसरीकडे वळवली. "त्यामुळे ती काढायची राहिली."

ट्वायलाने सोंगटी तळहातावर पालथी केली.

"मम्मा, मग मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? तो गॅस, कॉम्प्रेसर, ब्रदर केन्ड्रिकचं कपाळ—"

ओलेटा समोरच्या खुर्च्यांकडे बघत होती. त्या आता घडी न करता रात्रभर बाहेरच असत.

"बायका कॅसरोल आणतात. कॅसरोल संपली की त्यांनाही घरं असतात, त्यांचं काही चुकलं नाही. पण ही त्याची माणसं. यांना नुसतं येऊन बसता येत नाही गं. यांना काहीतरी मोडलेलं लागतं." तिने खांदे आवळले. "बंद कर ते. दात वाजायला लागले माझे."

ट्वायलाने हवा बंद केली. तिच्या डॅलसच्या इमारतीत गाड्या तळघरात उभ्या असत, आणि तिथल्या भिंतीवर पाटी होती: वाहनतळात दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. रोज त्या पाटीसमोरून जाताना तिला ती नेहमी योग्यच वाटली होती.

"डबला सांगायला हवं," ती म्हणाली. "इतकी वर्षं चोर ठरलाय बिचारा."

"मुळीच नाही. मेलेल्या माणसाला खोटं पाडायचं का? शिवाय डबला आता त्याची सवय झालीय. तेवढं काढून घेतलंस तर त्याच्याजवळ बोलायला काय राहील?"

ट्वायला पुन्हा पाठीवर आडवी झाली. सोंगटी आत जाताना थोडी अडली, मग आपल्या जागी बसली. वडिलांनी कड कुठल्या बाजूने घासली होती, ते बोटांना कळलं. उठून तिने कपडे झटकले, टॉर्च घेतला आणि पुढे जाऊन बॉनेट उघडलं.

रस्त्यापलीकडे जाळीचं दार आपटलं. डब चर्चच्या पॅंटवर घरची बनियन चढवून, कप सांभाळत आला आणि आत बघत उभा राहिला.

"गरम?"

ट्वायलाने त्याच्यासाठी बॅटरीवरची जागा मोकळी केली.

"गरम," ती म्हणाली.

"हं," डब म्हणाला, आणि वाकला.